विम्यापासून मोकळा डॉक्टर, आणि पेशंट?

गेल्या महिन्यात फिल्डवर्कसाठी एका तालुक्याच्या गावी गेले होते. वीसेक खाटांचा दवाखाना, खाली मेडिकल, वर डॉक्टरांचं घर. काउंटरच्या मागच्या भिंतीवर एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा दिसत होता. तिथं आधी 'कॅशलेस सुविधा उपलब्ध' असा बोर्ड होता म्हणे. मी विचारलं तर डॉक्टर हसून म्हणाले, "काढून टाकला मॅडम. आता एकदम मोकळा झालो बघा."

त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. पेशंट भरती झाला की आधी विमा कंपनीची परवानगी मागायची, मग क्वेरी यायची, तिचं उत्तर द्यायचं, डिस्चार्जच्या दिवशी पेशंटचे नातेवाईक संध्याकाळपर्यंत ताटकळत बसायचे, आणि शेवटी बिलातून काहीतरी कापून पैसे यायचे, तेही कधी येतील याचा नेम नाही. या कामासाठी त्यांनी एक पोरगा पगारावर ठेवला होता. आता तो पोरगाही नाही आणि ती कटकटही नाही.

विष्णुपुरीला परत येताना बसमध्ये त्यांचा 'मोकळा' हा शब्द डोक्यात फिरत होता. कारण त्याच आठवड्यात मी अमेरिकेतल्या अशाच मोकळ्या झालेल्या डॉक्टरांवरचं संशोधन वाचत होते. तिथं याला चळवळीचं रूप आलंय. आज त्या विचाराची जरा चिकित्सा करू. आधीच सांगते, हे माझ्या प्रबंधाचे निष्कर्ष नाहीत, फिल्डवर्क अजून चालूच आहे. वाचताना जिथं अडखळले, ते तुमच्यासमोर मांडतेय.

दावा काय आहे?

या पद्धतीला 'डायरेक्ट प्रायमरी केअर' म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचं तर फॅमिली डॉक्टर विमा कंपन्यांशी करार मोडतो आणि पेशंटकडून थेट महिन्याला ठरावीक फी घेतो, साधारण पन्नास ते शंभर डॉलर. त्या बदल्यात पेशंटनं महिन्यात एकदा यावं की पाचदा, तपासणीचे वेगळे पैसे नाहीत. फोन करा, मेसेज करा, डॉक्टर उपलब्ध. मोठं ऑपरेशन किंवा हॉस्पिटलचा खर्च यासाठी पेशंटनं वेगळा, स्वस्तातला विमा ठेवावा, असं हेच लोक सांगतात. म्हणजे ते सरसकट विम्याच्या विरोधात आहेत असं समजू नका, तो अन्याय होईल.

त्यांच्या तक्रारीला आधारही आहे. २०१६ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात एक अभ्यास आला. संशोधकांनी डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून त्यांचा वेळ मोजला होता. पेशंटसमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागं डॉक्टरांचे जवळपास दोन तास संगणकावरच्या नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात होते. त्यातलं सगळंच विम्यासाठी नसतं हे खरं, पण बराचसा कागद विम्याच्या नावानंच फाटतो. अशा माणसाला करार मोडावासा वाटला तर नवल नाही. सरकारनंही आता या पद्धतीला मान्यता दिलीय. २०२५ च्या कायद्यानुसार जानेवारी २०२६ पासून तिथले लोक आरोग्यासाठीच्या करमुक्त बचत खात्यातून ही मासिक फी भरू शकतात.

दुसरं उदाहरण ओक्लाहोमातल्या एका सर्जरी सेंटरचं. त्यांनी २००९ पासून प्रत्येक ऑपरेशनचा एकच, सगळं धरून असलेला दर इंटरनेटवर टाकला. विमा नाही, घासाघीस नाही, लपवाछपवी नाही. यावरून मांडणी अशी होते की विमा कंपनी मधून काढली की डॉक्टरला वेळ मिळतो, पेशंटला दर कळतो आणि खर्च कमी होतो.

ऐकायला छान आहे. पण हे वाचताना मला सारखं वाटत होतं, की अरे, विमा मधून काढलेला मुलूख तर मी रोज बघतेय. मी त्याच मुलखात राहते.

नांदेडची प्रयोगशाळा

इतिहास थोडा आठवू. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली ती २ जुलै २०१२ ला, आणि पहिल्या टप्प्यात फक्त ८ जिल्हे होते. गडचिरोली, अमरावती, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि आपलं नांदेड. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे, ठरावीक यादीतले उपचार मोफत. २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, आणि २०२३ च्या शासन निर्णयानं मर्यादा ५ लाखांवर नेऊन ती सगळ्या कुटुंबांना खुली केली.

यात एक गोष्ट बारकाईनं बघा. योजना मुख्यतः भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. हृदयाचं ऑपरेशन, डायलिसिस, कॅन्सर, अपघात. पण ताप आला, बीपी वाढलं, शुगर तपासायची आहे, खोकला महिनाभर जाईना, तर ओपीडीत जाऊन खिशातून पैसे मोजायचे. तपासणी फी, रक्ताची तपासणी, मेडिकलचं बिल, सगळं रोख. खासगी मेडिक्लेमचंही साधारण हेच, ओपीडी सहसा नसतेच.

म्हणजे अमेरिकेतले सुधारक जी जोडी सुचवतात, 'मोठ्या आजाराला विमा, छोट्या आजाराला डॉक्टरशी थेट व्यवहार', ती नांदेड जिल्ह्यात २०१२ पासून आहेच. त्याआधी तर मोठ्या आजारालाही थेट व्यवहारच होता. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात सुमारे १४ टक्के आणि शहरी भागात १९ टक्के लोकांनाच आरोग्य खर्चाचं कुठलंतरी संरक्षण होतं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला ६४.२ टक्के खर्च लोकांच्या खिशातून होत होता. २०२१-२२ मध्ये तो आकडा ३९.४ टक्क्यांवर आला, पण अजूनही तो छोटा नाही.

मग विमा कंपनी मधे नसलेल्या आपल्या ओपीडीत काय दिसायला पाहिजे होतं? डॉक्टरला भरपूर वेळ, भिंतीवर दर, कमी खर्च. तुम्ही शेवटचं कधी गेला होतात दवाखान्यात? पेशंटमागं किती मिनिटं मिळाली?

चुकीच्या अर्ध्या भागाची स्तुती

इथं मला वाटतं मुख्य घोटाळा आहे. या मांडणीत दोन गोष्टी एकात मिसळल्या जातात. एक म्हणजे विमा कंपनी आणि दुसरी म्हणजे विमा. कंपनी म्हणजे परवानगी, क्वेरी, कपात, नफा. विमा म्हणजे आपलं संकट यायच्या आधी सगळ्यांनी थोडं थोडं बाजूला टाकणं, आणि ज्याच्यावर संकट येईल त्यानं त्यातून घेणं. पहिल्या गोष्टीचा वैताग येणं योग्यच. पण पहिली सोडली म्हणजे दुसरीची गरज संपत नाही.

केनेथ ॲरो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा १९६३ चा एक प्रसिद्ध लेख आहे. आरोग्य अर्थशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला तो वाचावाच लागतो. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की आजार केव्हा येईल हे माहीत नसतं, आणि आल्यावर कुठला उपचार बरोबर हे पेशंटला कळत नाही. म्हणून उपचारांचा बाजार भाजीच्या बाजारासारखा चालत नाही. मेथीची जुडी महाग वाटली तर तुम्ही पुढच्या गाड्यावर जाता. छातीत दुखतंय तेव्हा जात नाही.

आता डायरेक्ट प्रायमरी केअरमध्ये नेमकं चांगलं काय आहे ते परत बघा. पेशंट आजारी पडायच्या आधी, दर महिन्याला पैसे भरतो. आजारी पडल्यावर दारात पैसे मागितले जात नाहीत. जो महिनाभर आला नाही त्याच्या फीवर, जो चारदा आला त्याची तपासणी होते. हा विमाच आहे की! छोटा, एका डॉक्टरपुरता, कंपनीशिवाय, पण विमाच. म्हणजे या पद्धतीत जे चालतं ते आधी भरून ठेवण्यामुळं चालतं, आणि श्रेय मात्र 'विम्यापासून मुक्ती'ला दिलं जातं. स्तुती चुकीच्या अर्ध्या भागाची होते. आणि ती इकडं येऊन पोचते तेव्हा आपण तोच चुकीचा अर्धा भाग उचलतो, विमा सोडा आणि रोख घ्या. आधी भरण्याची गोष्ट वाटेत गळून जाते.

दारात पैसे मागण्यानं काय होतं, यावर जुना आणि मोठा पुरावा आहे. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेनं विम्याचा एक प्रयोग केला. काही कुटुंबांना सगळे उपचार मोफत, तर काहींना खर्चातला कमी-जास्त वाटा स्वतः भरायला लावला. ज्यांचा वाटा सगळ्यात मोठा होता त्यांचा आरोग्य खर्च मोफतवाल्यांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी झाला. विमाविरोधी लोक इथंच थांबतात. पण लोकांनी फक्त बिनगरजेचे उपचार टाळले नव्हते, गरजेचेही तेवढेच टाळले होते. सरासरी माणसाच्या तब्येतीवर फारसा फरक दिसला नाही. पण जे गरीब होते आणि आधीच आजारी होते, त्यांच्यात मोफत उपचार मिळालेल्यांचं बीपी जास्त आटोक्यात राहिलं.

बीपीचं हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. माझ्या मोठ्या काकांचं असंच झालं. गोळी रोजची, पण गोळ्या संपल्या की 'सोयाबीन विकलं की आणू' असं चालायचं. तपासणीची फी, वर जायचं-यायचं भाडं. "मला काही होईना, कशाला उगं पैसे घालायलेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका रात्री अर्धांग गेलं. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं, आधी डिपॉझिट भरा म्हणाले. रात्री अकरा वाजता वडिलांनी आडत्याला फोन लावला आणि पुढच्या मालावर उचल घेतली.

म्हणून कुणी म्हणालं की आमच्या डॉक्टर आणि पेशंटच्या मधे कुणी नाही, तर मला आडत्या आठवतो. मधला माणूस गेलेला नसतो, बदललेला असतो. विमा कंपनीच्या जागी आडत्या येतो, सावकार येतो, बायकोचं मंगळसूत्र येतं, बचत गटाचं कर्ज येतं. फरक इतकाच की कंपनीच्या क्वेरी डॉक्टरला येतात, आणि आडत्याच्या क्वेरी आमच्या घरी येतात. डॉक्टरच्या हिशेबात हा मध्यस्थ दिसत नाही, म्हणून व्यवहार 'थेट' वाटतो.

आकडे काय म्हणतात?

मग अमेरिकेत तरी खर्च वाचतो का? २०२० मध्ये तिथल्या सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीज या विमा-गणितज्ञांच्या संस्थेनं एक अहवाल काढला. त्यांनी एका कंपनीतले कर्मचारी घेतले. काहींनी डायरेक्ट प्रायमरी केअर निवडलं होतं, काहींनी नेहमीची पद्धत. वय आणि आजारपण यातला फरक हिशेबात धरल्यावर दिसलं की पहिल्या गटाच्या इमर्जन्सीतल्या फेऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी होत्या. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. डॉक्टर फोनवर मिळाला तर माणूस रात्री इमर्जन्सीत पळत नाही. पण मासिक फी धरून मालकाचा एकूण खर्च मात्र कमी झालेला दिसला नाही. एकाच कंपनीचा अभ्यास आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी जपूनच वापरावा.

त्या अहवालात माझं लक्ष आणखी एका गोष्टीकडं गेलं. वय आणि आजारपणाचा फरक का धरावा लागला? कारण ही पद्धत निवडणारे लोक मुळातच कमी आजारी असू शकतात. आणि दुसरं म्हणजे संख्या. नेहमीचा फॅमिली डॉक्टर दोन हजारांच्या आसपास पेशंट सांभाळतो, या पद्धतीतला डॉक्टर बहुधा हजाराच्या आत. वेळ मिळतो तो त्यामुळंच! मग उरलेले पेशंट कुठं जातात? दवाखान्याच्या आतून बघितलं तर हा प्रश्नच दिसत नाही, कारण जे गेले ते तिथं नसतातच.

विष्णुपुरीतून बघितलं तर दिसतो. आमचं विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही विष्णुपुरीतच. २०२३ च्या ऑक्टोबरची सुरुवात इथं कुणी विसरलेलं नाही. २४ तासांत २४ मृत्यू, त्यातली १२ नवजात बाळं, आणि ४८ तासांत आकडा ३१ वर गेला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. सरकारकडून सांगितलं गेलं की बरेच रुग्ण खासगी आणि छोट्या दवाखान्यांतून अत्यंत गंभीर अवस्थेत आले होते. न्यायालयानं मनुष्यबळाच्या कमतरतेची सबब चालणार नाही असं बजावलं, आणि ते बरोबरच होतं, सरकारी दवाखान्याची जबाबदारी त्यानं कमी होत नाही. पण सरकारचं ते वाक्य मी माझ्या विषयाच्या बाजूनं वाचते. खासगी दवाखान्यात पैसे संपले किंवा केस हाताबाहेर गेली की पेशंट शेवटी कुठं येतो? ज्या दवाखान्याला 'मी मोकळा झालो' असं म्हणताच येत नाही, तिथं. एकाच्या मोकळेपणाचं ओझं दुसऱ्या कुणाच्या तरी वॉर्डात जाऊन बसतं.

मोकळा, पण कुणापासून?

विमा कंपनी सोडल्यावर डॉक्टरवर कुणाचाच दबाव राहत नाही का? कट प्रॅक्टिस हा शब्द मी सांगायची गरज नाही. पेशंट पुढं पाठवला की पाठवणाऱ्याला वाटा. २०१७ मध्ये राज्य सरकारनं हे रोखण्यासाठी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कायद्याचा मसुदाही झाला. कायदा झाला नाही. लॅब, सोनोग्राफी, मेडिकल, कंपनीचा एमआर, कर्ज काढून घेतलेलं मशीन, या सगळ्यांचा हप्ता कुणाच्या तरी बिलातून निघतो. विमा कंपनी निदान बिल वाचते तरी. वाईट हेतूनं वाचत असेल, कापायला वाचत असेल, पण वाचते. रोखीच्या बिलाला वाचणाराच कुणी नसतो, भरणारा असतो.

दराचंही तसंच. ओक्लाहोमाच्या सेंटरनं दर टाकले ते कौतुकाचंच आहे, पण विमा नाही म्हणून दर आपोआप भिंतीवर येत नाहीत. आपल्याकडं ते आणावे लागले. मे २०२० मध्ये कोविडच्या काळात महाराष्ट्र सरकारनं खासगी दवाखान्यांना मर्यादा घातली, वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. त्या दिवशी मी ज्या दवाखान्यात होते तिथं कॅशलेसचा बोर्ड काढला होता, पण त्या पांढऱ्या चौकोनात दरपत्रक काही आलेलं नव्हतं. जागा तर मोकळीच होती.

कंपनी नको, विमा हवा

मग यातून वाट आहे का? मला एक सापडते, आणि ती अमेरिकेत नाही, वर्ध्याला आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपास भोवतालच्या गावांत एक योजना उभी केली. लोक तिला ज्वारी विमा म्हणू लागले, कारण हप्ता ज्वारीत होता. सुगीला, घरात धान्य असताना, प्रत्येक कुटुंबानं आपल्या ऐपतीप्रमाणं ज्वारी घालायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. त्या बदल्यात गावात आरोग्यसेवक आणि प्राथमिक उपचार, आणि हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यास खर्चात सवलत.

इथं विमा कंपनी नव्हती, टीपीए नव्हता, क्वेरी नव्हती. त्या अर्थानं ही योजना अमेरिकेतल्या कुठल्याही मोकळ्या डॉक्टरइतकीच स्वतंत्र होती. पण विमा होता. आधी भरणं होतं, वाटून घेणं होतं, ज्याला जास्त परवडतं त्यानं जास्त देणं होतं. अर्थात, तिच्या पाठीशी एक मोठं, सरकारी अनुदान असलेलं हॉस्पिटल होतं, हे विसरून चालणार नाही. तालुक्याचा एकटा डॉक्टर ते सगळं करू शकणार नाही. पण हप्ता केव्हा घ्यायचा आणि कशात घ्यायचा, हे तिथं पेशंटच्या घराकडं बघून ठरवलं होतं. कंपनीच्या कॅलेंडरकडं बघून नाही आणि डॉक्टरच्या सोयीकडं बघूनही नाही.

म्हणून यापुढं कुणी डॉक्टर विम्यापासून स्वतंत्र झाला असं ऐकलं, तर कौतुक जरूर करा, पण तीन गोष्टी विचारा. पैसे आजाराआधी घेतले जातात की दारात? ज्यांना ते परवडत नाहीत ते कुठं गेले? आणि आता बिल कोण वाचतं?

मी निघताना त्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारला होता. तुमच्याकडं बीपी-शुगरचे नेहमीचे पेशंट आहेत, त्यांच्याकडून महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन वर्षभर तपासणी आणि गोळ्या असं काही कराल का? ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "महिन्याला कोण देतंय मॅडम इथं. घ्यायचेच तर सोयाबीन निघाल्यावर घ्यावे लागतील."

ज्वारी विम्याबद्दल त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी सांगितलं. पुढच्या महिन्यात परत जाणार आहे, तेव्हा त्यांनी हिशेब मांडून बघतो म्हटलंय. तो जुळतो का नाही, ते पुढच्या लेखात.